पँथिऑन : सळई न घालता उभा राहिलेला डोम

रोमन देऊळ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर उंच खांब, वर तिकोनी दर्शनी भाग आणि पुढे पायऱ्या असंच चित्र येतं. ते चूक नाही, पण तो चेहरामोहरा बराचसा ग्रीकांकडून घेतलेला. रोमन लोकांचं स्वतःचं, अगदी अस्सल म्हणावं असं काम मला विचाराल तर काँक्रीटमध्ये आहे आणि ते बघायचं असेल तर रोममध्ये पँथिऑन या जुन्या देवळात जायचं. मी सिव्हिलवाली, रोजचं आयुष्य स्लॅब, सेंट्रिंग आणि सळयांमध्येच जातं, त्यामुळेही असेल, पण त्या डोमखाली उभी राहिले आणि बराच वेळ मान खालीच करवेना.

आतून डोमचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून डोमच्या माथ्यावर ठेवलेल्या उघड्या गोल भोकापर्यंतची उंचीसुद्धा जवळजवळ तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा गोळा बरोबर बसेल असं माप धरलंय. आपल्यातले बरेच जण विजापूरचा गोलघुमट बघून आलेले असतात, तो आतून साधारण ३८ मीटर आणि १७व्या शतकातला, आणि हे पँथिऑन त्याच्या दीड हजार वर्षं आधीचं. आणि सळई? एकही नाही. सळई न घातलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा डोम आजही जगात दुसरा नाही.

हे जमलं कसं ते जरा सविस्तर सांगते कारण खरी गंमत तिथेच आहे. रोमन काँक्रीट म्हणजे चुना आणि पोझोलाना नावाची ज्वालामुखीची राख यांचा मसाला, आणि त्यात दगडांचे नाहीतर विटांचे मुठीएवढे तुकडे. आपण पंप लावून ओततो तसं पातळ काँक्रीट नाही, तर मसाल्याचा थर द्यायचा, त्यावर तुकडे हाताने बसवायचे, दाबून घ्यायचे, मग परत थर, असं करत करत वर जायचं. आणि यात त्यांनी जे डोकं लावलंय ना ते असं की प्रत्येक उंचीवर आत घालायचे तुकडे वेगळे! पायात ट्रॅव्हर्टाइन, म्हणजे जड चुनखडीचा दगड. भिंत वर जाते तसा तो कमी होऊन टफ हा हलका ज्वालामुखीय दगड आणि विटा येतात, आणि अगदी वर भोकाच्या आसपास हलका टफ आणि प्युमिस, तोच तो पाय घासायचा सच्छिद्र दगड. जाडीपण तशीच उतरत नेलीय, डोमच्या बुडाशी सुमारे ६ मीटर आणि भोकाच्या कडेला जेमतेम १.२ मीटर. म्हणजे जिथे वजन नको तिथे ते ठेवलंच नाही, आणि हे सगळं आपल्यासारखं सॉफ्टवेअर नसताना, पिढ्यानपिढ्या कमानी आणि घुमट बांधून आलेल्या अंदाजावर. मला हे कुठल्याही संगमरवरी मूर्तीइतकंच मोठं कलेचं काम वाटतं आणि ते मी अगदी मनापासून म्हणतेय.

आतून डोमला चौकोनी खण पाडलेत, ५ ओळी, एकेका ओळीत २८, वर जाताना लहान लहान होत जाणारे. वर्तुळाचे २८ सारखे भाग पाडणं सोपं नाही, साइटवर रेखाटणी करून देणाऱ्याला विचारा! नीट बघितलं तर प्रत्येक खणाच्या आत पायऱ्या आहेत आणि त्या चारी बाजूंना सारख्या नाहीत, खालून बघणाऱ्याच्या नजरेचा विचार करून तिरप्या केल्यात.

भेगा आहेत का? आहेत. डोमच्या बुडापासून वर चढत गेलेल्या उभ्या भेगा आहेत, कारण घुमट खालच्या भागात बाहेर फाकायला बघतो आणि काँक्रीटला ताण सोसत नाही. पण तिथे भिंती इतक्या जाड आहेत आणि बाहेरून बुडाशी पायऱ्यांसारखी कड्यांची भर इतकी दिलीय की तो ताण सुटून गेला आणि डोम गोल मांडलेल्या कमानींसारखा उभा राहिला, इतके भूकंप झाले तरी.

वरचं भोक जवळपास ९ मीटरचं, त्याला काच नाही, काही नाही, उजेड येतो तो फक्त तिथून आणि दरवाजातून. पाऊस आत पडत नाही असं काही लोक सांगतात, तसं काही नाही, पडतो आणि चांगला पडतो, म्हणून तर फरशी मध्यभागी किंचित फुगवटा देऊन केलीय आणि पाणी जायला बारीक भोकं ठेवलीत. ऊन भिंतीवरून सरकत असतं, ते बघायला दुपारच्या आसपास जा.

इतिहास थोडक्यात. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात मार्कस अग्रिपाने (ऑगस्टस बादशहाचा सेनापती) तिसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, असताना बांधलं असं लिहिलंय, म्हणजे इसवी सनापूर्वी २७, पण ती इमारत इसवी सन ८० मध्ये जळाली, परत बांधली तर ११० मध्ये वीज पडून परत जळाली. आज दिसते ती साधारण १२५ च्या सुमारास हेड्रियन बादशहाच्या काळात पूर्ण झालेली, आणि हे कळलं ते विटांवर मारलेल्या शिक्क्यांवरून! स्वतःचं नाव न घालता हेड्रियनने जुन्या माणसाचं नाव ठेवलं, मला हा माणूस त्यासाठी फार आवडतो. पुढे ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं म्हणून ते वाचलं, नाहीतर बाकीच्या देवळांसारखे दगड काढून नेले असते. तरी छतावरचे ब्राँझचे पत्रे ७व्या शतकात गेलेच, आणि व्हरांड्याच्या छताचं ब्राँझ १६२५ च्या सुमारास पोप आठव्या अर्बनने काढून वितळवलं, त्यातल्या बऱ्याचशा धातूच्या तोफा केल्या. वाचताना राग येतो.

खांबांबद्दल न बोलून चालणार नाही. व्हरांड्यात १६ आहेत, प्रत्येक अखंड ग्रॅनाइटचा, जवळपास १२ मीटर उंच आणि ६० टनांच्या घरात, समोरचे करडे खांब इजिप्तच्या वाळवंटातल्या मोन्स क्लॉडिआनस खाणीतले. तिथून नाईलपर्यंत ओढत, मग नदीतून, मग समुद्रातून. आता चौकात जरा मागे सरकून बघा, व्हरांडा आणि गोल इमारत यांच्यामधल्या भिंतीवर त्रिकोणाची अजून एक रेघ दिसेल, खऱ्या छतापेक्षा वर. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की मूळ आराखड्यात खांब ५० रोमन फुटांचे होते, ते मिळाले नाहीत म्हणून ४० फुटी लावले आणि अख्खा व्हरांडा खाली घ्यावा लागला. साइटवर ठरलेला माल न आल्यावर काय होतं हे माहीत असलेल्याला हे लगेच पटतं.

आत जायला आता तिकीट आहे, ते काढाच. पण बाहेर आल्यावर लगेच निघू नका, इमारतीच्या बाजूने मागच्या गल्लीपर्यंत चालत जा. गिलावा, संगमरवर सगळं गेलंय, नुसत्या विटा दिसतात, आणि त्या विटांमध्ये एकावर एक अशा मोठ्या कमानी भिंतीतच बांधलेल्या दिसतात, आतल्या कोनाड्यांवरचं वजन दोन्ही बाजूंच्या जाड भागांवर ढकलणाऱ्या. अगदी मागे नेपच्यूनच्या बॅसिलिकाचा, म्हणजे समुद्रदेवाच्या नावाच्या मोठ्या रोमन सभागृहाचा, एक तुकडा शिल्लक आहे, त्याच्या पट्टीवर डॉल्फिन आणि शिंपले कोरलेत, अजून एवढे स्वच्छ की छिन्नीचा हात कळतो. तिथे गर्दी नसते आणि हे बघायला तिकीटही लागत नाही.