पिंगुळीची चित्रं उभ्या उभ्या बघू नका

कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पिंगुळी म्हटलं, तर त्यानं लगेच विचारलं, "बाहुल्यांकडे जावचा हा मां?" थोड्याच वेळात आम्ही पिंगुळीतल्याच गुढीपूरच्या ठाकर आदिवासी कला आंगणात होतो. परशुराम गंगावणे यांनी घरचा गुरांचा गोठा मोकळा करून तिथं हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

जागा लहान आहे. भिंतीवरची चित्रं, टांगलेल्या बाहुल्या असं भरभर बघत गेलात तर पंधरा मिनिटांत बाहेर पडाल. आम्हीही पहिला फेरा तसाच मारला. मग खाली बसून चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगितलेली कथा, ऐकली आणि त्याच भिंतींकडे पुन्हा जावंसं वाटलं.

चित्रकथीची 'पोथी' म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा संच, बहुधा रामायण-महाभारतातला. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटं चर्मवाद्य यांच्या साथीनं गाणारा एकेक चित्र पुढे धरतो, प्रसंग संपला की पान उलटतो. एक पान मी अगदी जवळून पाहिलं. मोठ्या टपोऱ्या डोळ्यांचा राजा, समोर दोन सेवक आणि खालच्या कडेला अंगठा टेकून टेकून काळवंडलेला कागद. त्या काळ्या डागावर माझी नजर खूप वेळ खिळून राहिली. पोथी देवासारखी मानली जाई आणि जीर्ण झाली की पाण्यात विसर्जित करत. म्हणून जुनं जे शिल्लक आहे, ते फार मोलाचं आहे.

कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही आहेत. चामड्याची बाहुली हातात न घेता उजेडासमोर धरलेली बघायला मागा. तिची भोकं आणि रंग तेव्हाच कळतात.

जायच्या आधी फोन कराच आणि सादरीकरण बघायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा. कलाकारांना तयारी लागते, त्यांचं मानधनही आधीच विचारून घ्या. फोटो परवानगीनं काढा, जुन्या कागदांवर फ्लॅश नको. रोख पैसे जवळ ठेवा, चित्र विकत घ्यावंसं वाटतंच. गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं कठीण, तेव्हा ते दिवस टाळलेले बरे.

सकाळ पिंगुळीला दिलीत तर दुपारी सावंतवाडी सहज होते, अंतर साधारण वीस किलोमीटर. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, बघायची. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही मरगळलेली कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या नव्वीवर तळहाताएवढ्या गोलात नऊ मासे, आणि एकाचंही शेपूट दुसऱ्याला लागलेलं नाही! राजवाडा कधी बंद असतो ते निघण्यापूर्वी विचारा.

वेळ उरला तर चितारआळीत लाकडी फळं घ्या. आईनं गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला बांधायला आंबा आणि सीताफळ मागितलं होतं. सीताफळ तिसऱ्या दुकानात मिळालं.