तुम्ही विचारलंत म्हणून: गोळीचे साइड इफेक्ट होतात का?

‘एवढ्याशा पोराला रोज गोळी? साइड इफेक्ट नाही का होत?’ शाळेच्या फाटकापाशी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हे विचारलं जातं.

होतात. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यासाठी, दीड वर्ष मिथाइलफेनिडेट हे औषध घेतोय. पहिल्यांदा भूक गेली. डबा भरलेलाच घरी यायचा. आता गोळीच्या आधी पोटभर थालीपीठ आणि लोणी, आणि रात्री 9 वाजता भूक जागी झाली की परत वरणभात. ‘ही काय जेवायची वेळ?’ असं त्याला घरात कुणी म्हणायचं नाही, हे आजीलासुद्धा सांगून ठेवलंय.

मग झोप. साध्या गोळीचा असर साधारण 4 तास राहतो. दुपारची गोळी उशिरा दिली की रात्री 11 पर्यंत टक्क जागा. डॉक्टरांनी वेळ अलीकडे आणली, तेव्हा बसली घडी.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी त्याला कधी चक्कर आली होती का, घरात कुणी कमी वयात अचानक गेलंय का, हे खोदून विचारलं होतं. डोस बदलला की नाडी आणि बीपी बघतात, एरवी दर 6 महिन्यांनी. वजन दर 3 महिन्यांनी. उंचीही तक्त्यावर मांडतात, कारण या औषधाने ती थोडी मंदावू शकते.

पण मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते कुठल्याच काट्यावर दिसलं नसतं. एकदा डोस वाढवला. वर्गातल्या बाई खूश: ‘किती शांत बसतो आता!’ घरी मात्र तो बहिणीला चिडवेना, आउट झाला तर हुज्जत घालेना. नुसता बसून राहायचा. मूल असं मिटून गेलं तर डोस जास्त होत असू शकतो. मी त्याच दिवशी फोन केला, डॉक्टरांनी डोस उतरवला. चौथ्या दिवशी अंगणातून आवाज आला, ‘बॅटला लागलाच नाही बॉल!’ मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

तुमच्या मुलाची गोळी सुरू होणार असेल, तर आठवडाभर आधीपासून वहीत लिहा: किती जेवला, कधी झोपला, काय दुखलं. आम्ही लिहिलं नव्हतं. त्याच्या पोटदुखीचा दोष महिनाभर गोळीला दिला, आणि मग आठवलं, दर सोमवारी सकाळी त्याचं पोट आधीपासूनच दुखायचं.