गावाच्या गवंड्याला जमेल अशी इमारत: आमची वाटचाल

2008 साली लातूरला ऑफिस थाटलं तेव्हा शहरात बंगल्यांची आणि अपार्टमेंटची कामं भरपूर निघत होती. आम्ही दोघे आर्किटेक्ट मात्र अंगणवाडी, शाळेच्या खोल्या, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं कार्यालय अशा कामांच्या मागे लागलो. आमच्या भागात अशा इमारतींचं एक ठरलेलं आयुष्य असतं. उद्घाटन होतं, काही वर्षांत स्लॅब गळायला लागतो, काळ्या मातीमुळे भिंतींना तिरप्या भेगा पडतात, मग कुलूप लागतं आणि नवा निधी आला की शेजारी दुसरी इमारत उभी राहते. सिमेंट, सळई, वाळू, पाणी सगळं पुन्हा. म्हणून पर्यावरणपूरक इमारतीची आमची पहिली अट सोपी आहे: ती दोन पिढ्या वापरात राहिली पाहिजे आणि तिची दुरुस्ती गावातल्याच गवंड्याला जमली पाहिजे.

स्थानिक साहित्य वापरू असं आम्ही उत्साहाने सांगायला लागलो तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर भीती दिसायची. ती रास्त होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेली गावं किल्लारीच्या भूकंपात भुईसपाट झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांच्यापुढे ‘पारंपरिक घरं थंड असतात’ एवढंच सांगणं बरोबर नाही. आधी ती घरं का पडली याचं उत्तर द्यावं लागतं.

ते उत्तर भिंतीच्या पोटात आहे. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची भिंत दोन-अडीच फूट जाड असली तरी ती एकसंध नसते. आतून एक पदर, बाहेरून एक पदर आणि मधे माती, चिपा. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा दगडच नसल्यामुळे धक्क्यासरशी पदर सुटून दोन्हीकडे फुगले आणि कोसळले. डोक्यावर फूट-दीड फूट मातीच्या माळवदाचं ओझं होतंच. अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंतींनी जीव घेतला. दगडात दोष नव्हता, बांधणीत होता. भारतीय मानक 13828 हे अशाच कमी ताकदीच्या बांधकामासाठी आहे. दर दोन फूट उंचीला आणि आडवे चार फुटांच्या आत आरपार दगड, जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली सलग आरसीसी पट्टा, कोपऱ्यात उभी सळई. आमच्या प्रत्येक दगडी भिंतीत हे असतंच, आणि ग्रामसभेत आम्ही ते खडूने फरशीवर काढून दाखवतो. किल्लारी पाहिलेले म्हातारे लोक सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात. त्यांचं समाधान झालं की बाकी गाव तयार होतं.

काळी माती हा दुसरा मोठा प्रश्न. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. मुरूम किंवा खडक जवळ लागला तर आम्ही पाया तिथपर्यंत नेतो. नाही लागला तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल घालतो. साधारण साडेतीन मीटर खोल, खाली फुगीर गड्डा असलेले हे खांब मातीच्या हलत्या थराखाली धरून राहतात. या खर्चात आम्ही कधीच काटछाट करू देत नाही. वरची इमारत कितीही ‘हरित’ असो, पाया हलला तर तिचा राडारोडाच होणार.

भिंतींसाठी जिथे चांगला मुरूम मिळतो तिथे दाबयंत्रावर मातीचे ब्लॉक जागेवरच पाडतो. मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट, जेमतेम ओल, मग यंत्राचा दाब. भट्टी नाही, त्यामुळे सरपण आणि कोळसाही नाही. ओल बरोबर आहे का हे पाहायची आमच्या गवंड्यांची रीत आहे. ओल्या मिश्रणाचा मुठीत लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. तो चार-पाच तुकड्यांत फुटला तर ओल ठीक. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा बसला तर जास्त. ब्लॉक पाडल्यावर सावलीत रचून, गोणपाट टाकून तीन-चार आठवडे ओले ठेवायचे. आमच्याकडे याच टप्प्याला घाई होते, आणि ठेकेदाराशी वाद घालावा लागला तरी आम्ही हा वेळ घेतोच. काळी माती मात्र ब्लॉकला चालत नाही. मुरूम लांबून आणावा लागणार असेल तर आम्ही सरळ भाजलेल्या विटा वापरतो, पण रॅट-ट्रॅप पद्धतीने. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी रचली की भिंतीच्या आत पोकळी राहते. विटा सुमारे पाव भाग कमी लागतात आणि ऊनही आत कमी येतं. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही बांधणी रुजवली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचा उपयोग तर अधिकच आहे.

छत हा लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय. ‘स्लॅबच पाहिजे’ हे बहुतेक गावांचं म्हणणं, आणि आम्ही ते मानतो. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण सोसत नाही, ते काम सळई करते. म्हणून तिथे सळयांच्या मधल्या चौकटीत जुनी मंगलोरी कौलं भरतो. काँक्रीट वाचतं आणि खालून छत देखणं दिसतं. वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं मोझॅक. मे महिन्यात दुपारी अंगणवाडीतली मुलं आत झोपू शकतात, यात आम्हाला सगळ्यात जास्त आनंद आहे.

पाण्याबद्दल लातूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. पावसाळ्यात 600 मिलिमीटर पडला तरी हिशेब 60 हजार लिटरचा होतो. काही वाया गेलं तरी शाळेच्या बागेला आणि स्वच्छतागृहाला ते मोठं पाणी आहे. म्हणून टाकी आणि पन्हाळी पहिल्या नकाशातच असतात, निधी उरला तर करू अशी ती बाब ठेवत नाही.

खरी अडचण कागदावर येते. सरकारी अंदाजपत्रक दरसूचीवर, म्हणजे कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीवर चालतं. जी बाब दरसूचीत नाही तिचं दरपृथक्करण, म्हणजे साहित्य-मजुरीचा फोडून मांडलेला हिशेब, करून स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. त्यात महिने जातात आणि मार्चअखेर निधी परत जायची भीती असते. एका गावात मंजुरी वेळेत आली नाही आणि तयार केलेली मातीच्या भिंतींची आखणी सोडून साध्या विटांत काम करावं लागलं. त्यानंतर आम्ही नकाशाआधीच दरपृथक्करण, ब्लॉकच्या चाचणीचे अहवाल आणि मातीच्या ब्लॉकसाठीच्या भारतीय मानक 1725 ची प्रत अशी फाइल तयार ठेवतो. बांधकाम खात्यातल्या तरुण अभियंत्यांना आता यात रस आहे. कनिष्ठ अभियंता स्वतः साइटवर येऊन लाडू टाकून बघतो, तेव्हा पुढचं बिल सोपं होतं.

नकाशे आम्ही काढतो, पण जागा कशी वापरायची ते गाव ठरवतं. बायकांची बैठक वेगळी घेतली नाही तर सभेत फक्त सभागृहाचा आकार आणि स्टेज यावरच चर्चा होते. वेगळ्या बैठकीत दुसऱ्या गोष्टी पुढे येतात: स्वयंपाकखोलीचा धूर, रात्री उजेड असलेलं स्वच्छतागृह, बचतगटाचं कपाट, पापड वाळवायला जिन्याने जाता येईल असं छत. एका समाजमंदिरात त्यांच्या सांगण्यावरून समोरचा ओटा आम्ही दुप्पट रुंद केला. आज सभागृह लग्नकार्यालाच उघडतं, ओटा मात्र रोज भरलेला असतो.

गवंड्यांचं शिकणं आम्ही कामातच बसवतो. पहिली भिंत आमचे अनुभवी गवंडी गावातल्या गवंड्यांबरोबर बांधतात, दुसरी गावचे गवंडी स्वतः बांधतात आणि आमचे फक्त ओळंबा पाहतात. सध्या औसा तालुक्यात एका शाळेच्या खोल्यांचं काम चालू आहे. हस्तांतराच्या कागदांत नकाशांबरोबर देखभालीची वहीही दिली जाईल: मृगाआधी पन्हाळी साफ करणे, दर दोन वर्षांनी चुना, सुटलेल्या दरजा भरणे. पन्हाळीची जबाबदारी कुणाकडे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत ठरणार आहे.