विझलेल्या तारेवर पाय

फटाक्यांनी मला आजवर एकदाच भाजलंय आणि तेही फटाका वाजताना नाही. सगळं उडवून झालं होतं, गप्पा रंगल्या होत्या, मी अनवाणीच पाणी प्यायला निघाले आणि पाय पडला तो संपलेल्या फुलबाजीच्या तारेवर. काळी पडलेली साधी तार, तिच्यात काय असणार असं वाटतं ना? तळव्यावर अशी रेघ उमटली की आठवडाभर टाचेवर चालत होते.

नंतर वाचलं की जळती फुलबाजी १००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पाणी १०० ला उकळतं हो! आणि हीच वस्तू आपण 'हिने काही होत नाही' म्हणत सगळ्यात धाकट्या पोराच्या हातात देतो, उलटाच कारभार. आता मी आधी बादलीभर पाणी ठेवते मगच काडी ओढते, आणि संपलेली प्रत्येक तार थेट बादलीत.

फुसका निघालेला फटाका हा तर वेगळाच विषय. वात जळाली, आवाज नाही, की एकजण वाकून बघायला जातोच (दरवेळी तोच, तुमच्याही घोळक्यात असेल). आत ठिणगी रेंगाळत असते राव. चांगला वेळ जाऊ द्या, मग लांबूनच पाणी ओता, परत पेटवायच्या फंदात पडू नका.

शेकोटीवर पेट्रोल तर अजिबात नको, त्याची वाफ आजूबाजूला पसरते आणि काडी ओढली की लाकडाआधी ती वाफच भडकते, आणि तुम्ही उभे तिच्या मधोमध. स्प्रेचे डबे, बॅटऱ्या पण त्यात टाकू नका, फुटतात. लाकडं आधीपासून रचून ठेवली असतील तर हलवून बघा, मांजर, बेडूक कुणीही आत शिरून बसलेलं असतं. आणि शेवटी नुसती माती लोटून निघून जाऊ नका, खाली निखारे तसेच राहतात. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ बघून, कारण वरची आग गेली तरी कातडीच्या आत ती उष्णता उतरतच असते. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. मी फासली होती टूथपेस्ट, मग डॉक्टरांनी ती पुसून काढताना जे काय झालं ते इथे लिहीत नाही.

आवाजाचं मला उशिरा कळलं. शेजारच्या काकूंचा कुत्रा पलंगाखाली शिरतो तो आपलं सगळं आटोपल्यावरही तासन्‌तास बाहेर येत नाही, त्यात घरात दम्याचे काका. मी सॉरी म्हणायला गेले तर काकू म्हणाल्या, "अगं वाजवा की, पण कधी थांबणार ते तरी सांगत जा, त्याला कुशीत घेऊन किती वेळ बसायचं ते कळू दे." तेव्हापासून आदल्या दिवशीच वेळ सांगून येते, म्हणजे त्या कुत्र्याला उजेडातच फिरवून आणतात, पडदे ओढतात, टीव्ही मोठा करतात. मागच्या वेळी नऊ सांगितले होते, नऊला दोन बाण उरले होते. ते उरलेलेच ठेवले.