आधी भट्टी की आधी पॅसिव्हेशन?

मंगळवार, रात्री साडेअकरा

वकिलांना उद्या मत कळवायचंय. पेटंटचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही. वाळूजच्या एका प्लेटिंगवाल्यांना पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली हरकत घ्यायची आहे, आणि अर्जातल्या दाव्यांत, म्हणजे अर्जदार ज्यावर हक्क मागतोय त्या मुद्द्यांत, सांगितलेली गोष्ट या धंद्यातल्या जाणकाराला आपसूक सुचण्यासारखी आहे का, ते मी सांगायचं.

पहिल्या दाव्याला चहा गार व्हायच्या आत निकाल लागला. पोलादी बोल्टावर जस्त-निकेलचा थर, निकेल १२ ते १५ टक्के. याच टप्प्यात गॅमा फेज, म्हणजे या मिश्रधातूची एक ठरावीक स्फटिकरचना, मिळते आणि गंज उशिरा धरतो, हे प्लेटिंगमधली पोरंही जाणतात.

अडलो चौथ्यावर. जास्त ताकदीच्या बोल्टांत प्लेटिंग होताना हायड्रोजन शिरतो, बोल्ट ठिसूळ होतो. म्हणून १९० ते २२० अंशांवर काही तास भट्टीत ठेवतात. आधी भट्टी, मग पॅसिव्हेशन, म्हणजे वरून क्रोमियमचा पातळ संरक्षक थर, हा रिवाज. अर्जदाराने क्रम उलटा केलाय.

दुपारी वाळूजला गेलो. कागद न दाखवता मिस्त्रींना विचारलं, असं उलटं केलं तर? त्यांनी हातातला बोल्ट उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "कशाला करायलेत सर तसं? वरचं सगळं करपून जाईल की." म्हणजे जाणकाराला हे आपसूक सुचत नाही. मालकांचा चेहरा पडला. हरकत त्यांची, आणि त्यांचाच मिस्त्री अर्जदाराच्या बाजूने साक्ष देऊन मोकळा!

मिस्त्रींचं खोटं नाही. जुना पिवळा, हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा थर ६०-७० अंशांपुढे तडकतो, त्याचा जोर जातो. पण ट्रायव्हॅलंट, म्हणजे क्रोमियमच्या दुसऱ्या रूपाचा, थर त्याहून बराच जास्त ताप सोसतो. मग भट्टीत घालून बघायला काय हरकत, असं मला वाटतं. वाटतं खरं, पण दावा वाचल्यानंतर. आधी इतकी वर्षं का नाही सुचलं? माझ्या पश्चातबुद्धीला कायद्यात किंमत नाही. अर्जदाराच्या प्रायॉरिटी डेटच्या, म्हणजे त्याचा हक्क ज्या तारखेपासून मोजतात तिच्या, आधी जाणकाराला काय ठाऊक होतं, एवढंच मोजायचं.

वकिलांना मेलचा मसुदा केला: पहिल्या दाव्यावर बिनधास्त हरकत घ्या. चौथ्यासाठी त्या तारखेआधीचा छापील कागद हवा, नुसत्या माझ्या म्हणण्यावर सही करणार नाही.

मालकांच्या ऑफिसातल्या कपाटात केमिकलवाल्यांची जुनी माहितीपत्रकं पडून आहेत म्हणे. सकाळी नऊला तिथे. रुमाल न्यायला हवा, धुळीने शिंका येतात.