केली की झाली?

चार वर्षं झाली डायपर वापरतोय आणि अजूनही एक गोष्ट नीट जमलेली नाही, ती म्हणजे डायपरमध्ये जे होतं त्याला म्हणायचं काय. घालायला जमतं, बदलायला जमतं, आडवं पडून एकट्याने टेप लावायलाही जमतं, पण चारचौघात "जरा जाऊन येतो" याच्यापुढे तोंड उघडत नाही. आणि जाऊन येतो म्हणजे तरी काय, जे व्हायचं ते होऊनच गेलेलं असतं.

माझं थोडक्यात सांगतो. कमरेतली चकती सरकली आणि मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो झुपका असतो त्याच्यावर दाब आला. त्या झुपक्याला कॉडा इक्विना म्हणतात, लॅटिनमध्ये घोड्याचं शेपूट, कारण दिसतो तसाच. ऑपरेशन झालं, चालायला लागलो, पण मूत्राशय आणि गुदद्वार यांच्याकडे जाणारी लाईन काही पूर्ण परत आली नाही. खोगिरावर बसलं की जेवढा भाग टेकतो तेवढा बधिर. त्यामुळे लघवी झाली हे कधी कळतं कधी नाही, आणि संडास झाली हे बऱ्याचदा आधी नाकाला कळतं मग मला.

हॉस्पिटलमध्ये पहिल्या आठवड्यात एक मावशी यायच्या, मनाने फार चांगल्या, रोज सकाळी दारातूनच मोठ्याने विचारायच्या, "काय, आज आपण शी केली का?" मी तेव्हा ४८ वर्षांचा. 'शी' चाललं असतं, ते 'आपण' पण गिळलं असतं, पण ते 'केली' जाम लागायचं. मी केली नव्हती हो. झाली होती. एकदा न राहवून म्हटलं, मावशी, केली नाही, झाली. त्या म्हणाल्या "तेच ते", आणि कामाला लागल्या.

तेच ते नाहीये पण. मराठीत या बाबतीत चार क्रियापदं आहेत आणि आपण लहानपणापासून ती इतकी सहज वापरतो की त्यातला फरक कधी जाणवतच नाही. शू आली, शूला लागली, शू केली, शू झाली. धडधाकट माणसाचा क्रम आली, लागली, केली असा असतो. मूत्राशयात साधारण दीडदोनशे मिली जमलं की 'आली', चारशेच्या पुढे 'लागली', मग संडास शोधायचा आणि 'केली'. आमच्यात या साखळीची एखादी कडी तुटलेली असते, आणि कुठली तुटलीय त्यावर डॉक्टर आजाराचं नाव ठेवतात. फिजिओथेरपीला भेटलेल्या एक काकू सांगायच्या की शिंकले की निसटते, खोकले की निसटते. ना आली ना लागली, डायरेक्ट निसटली, हे स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स. इन्कॉन्टिनन्स म्हणजे ताबा न राहणं, आणि त्यातला स्ट्रेस म्हणजे पोटातला दाब, टेन्शन नव्हे. दुसरे एक गृहस्थ म्हणायचे, "लागली म्हणेपर्यंत झालेली असते", ते अर्ज इन्कॉन्टिनन्स, अर्ज म्हणजे इंग्रजीतला, अनावर घाई. तिसरा प्रकार ओव्हरफ्लो, मूत्राशय रिकामंच होत नाही, भरून वरून गळत राहतं, त्याला माणसं म्हणतात "सारखं थेंब थेंब चालूच आहे". इतकं अचूक वर्णन लोक आपल्या साध्या बोलीत करतात आणि मग डॉक्टरसमोर बसले की लाजून "जरा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगतात.

इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ मध्ये या सगळ्या शब्दांच्या व्याख्या ठरवून छापल्या. त्यात लघवीच्या इन्कॉन्टिनन्सची व्याख्या साधारण अशी की माणसाच्या इच्छेविना लघवी गळत असल्याची तक्रार. इच्छेविना! म्हणजे 'झाली'. मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा त्या मावशींचीच आठवण आली.

गळणं यावरून आठवलं. पहिल्या तपासणीला डॉक्टर मॅडमनी विचारलं, "दिवसातून किती वेळा लीक होतं?" मी छाती काढून सांगितलं, दिवसातून कुठलं, आठवड्यातून एखाद्या वेळी. त्या खूश, लिहून घेतलं. बाजूला बायको बसली होती, ती म्हणाली, "अहो, रोज पाच पाच बदलतो की आपण!" मग उलगडा झाला. डॉक्टरांच्या लेखी लीक म्हणजे शरीरातून बाहेर आलं ते, आणि वापरणाऱ्याच्या लेखी लीक म्हणजे डायपरमधून बाहेर आलं ते, पँटला, चादरीला, गाडीच्या सीटला. आत जे राहिलं त्याला आम्ही लीक म्हणतच नाही, त्यासाठीच तर घातलंय ना ते. एका शब्दाच्या घोळात माझा सगळा रिपोर्ट उलटा जाणार होता. मग त्यांनी तीन दिवसांची डायरी लिहायला सांगितली आणि वजनकाटा वापरायला सांगितला, ओल्या डायपरच्या वजनातून कोऱ्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. कोरं १३०, सकाळचं ६२०, म्हणजे रात्रीत ४९० मिली. त्याआधी मी नुसतं 'जड झालंय' म्हणायचो.

आतल्या प्रकारांना मात्र शब्द बरेच आहेत. ओलं, भरलं, जड, आणि खराब. ओलं आणि खराब या दोन्हींमध्ये आम्ही कधीच गल्लत करत नाही. ओलं थोडा वेळ थांबू शकतं, कारण आतली पावडर, सोडियम पॉलिअॅक्रिलेट, लघवी ओढून तिची जेली करून टाकते. समोरची पिवळी रेघ निळी झाली की ओलं झालंय एवढंच कळतं, किती ते हाताला लागतं, खाली लोंबायला लागलं की भरलं. खराब मात्र एक मिनिट थांबवू नये. संडास त्या पावडरीत शिरत नाही, कातडीलाच लागून राहते, आणि तिच्यातली एन्झाईम्स कातडी खातात, त्यात लघवीपासून अमोनिया तयार झालेला असला तर ती आणखी जोमाने काम करतात. मी एकदा भिडेखातर, पाहुणे बसलेत कसं उठायचं म्हणून दीड तास खराबमध्ये बसून राहिलो आणि नंतर दहा दिवस झिंक ऑक्साईडचं क्रीम थापत उताणं झोपायची सोय नव्हती.

'घाण' हा शब्द मात्र घरात बंद केलाय. "घाण केलीय का?" असं कुणी विचारलं की माणूस आणि डायपर यांच्यातला फरकच पुसला जातो. 'अपघात' पण नको, इंग्रजीवरून काही लोक तसं म्हणतात, ऍक्सिडेंट झाला म्हणून, पण मराठीत अपघात झाला म्हटलं की समोरचा घाबरून विचारतो कुठे, कोणाला लागलं का! आणि मलमूत्र विसर्जन वगैरे म्हणायला लागलो तर नदीत काहीतरी सोडतोय असं वाटतं.

खरं सांगू का, जे शब्द लाजिरवाणे मानतात तेच आम्हा वापरणाऱ्यांच्या आपापसात सगळ्यात मोकळे असतात. हगलो, मुतलो. फिजिओचा एक दोस्त फोन उचलल्या उचलल्या सांगतो, "आज भर मीटिंगमध्ये हगलो, पुढे?" आणि आम्ही दोघं हसत सुटतो. गंमत म्हणजे तो 'हगलो' म्हणतो, म्हणजे स्वतः केलं असंच की ते, पण स्वतःच्या तोंडाने म्हटलं की लागत नाही. आणि लहान मुलांच्या एका डायपर कंपनीचं नाव मराठी कानाला काय ऐकू येतं हे मी सांगायला नको, हगीज म्हटलं की आमच्या घरात अजून कोणीतरी फिस्सकन हसतं.

घरी बायकोने पहिल्यापासून एकच प्रश्न ठेवलाय, "बदलायचं का?" यात ना शी आहे ना शू, ना केली ना झाली. भारी प्रश्न आहे. डॉक्टरांकडे जायचं असलं की ती जरा पुढे जाऊन नंबर विचारते, कारण आम्ही ब्रिस्टल चार्ट लावलाय बाथरूमच्या दारामागे. १९९७ चा आहे तो, संडासचे एक ते सात प्रकार, एक म्हणजे सुटे कडक खडे आणि सात म्हणजे निव्वळ पाणी. त्यामुळे आमच्यात "दोन नंबर झाली, सहा नंबरची" असली वाक्यं बोलली जातात आणि दोघांनाही बरोबर कळतात.

बाहेरच्यांसमोर मात्र कोड लागतो. आमचा कोड होता पार्सल. 'पार्सल आलं' म्हणजे खराब, 'फोन येऊन गेला' म्हणजे ओलं, आणि नुसताच गॅस असेल तर 'मिस्ड कॉल'. दोनेक वर्षं मस्त चाललं. मग एकदा घरात पाच-सहा जण बसलेले, मी जागच्या जागी जरा चुळबुळ केली, तर बायकोने आतून विचारलं, "अहो, पार्सल आलं का?" आणि तिचा मामेभाऊ पटकन उठला, "ताई तू थांब, मी घेतो ना, दारात आहे का?" मी म्हटलं अरे बस रे बाबा, माझं मीच घेतो.

तेव्हापासून पार्सल बंद. सध्या 'फाईल आलीय' चालू आहे, बघू किती दिवस टिकतं.