भूकच लागंना झालीय

काकूंच्या स्लीव्हच्या, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर लहान करायच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. त्या सोमवारी ओपीडीत आल्या त्या नवऱ्याच्या खांद्याला धरूनच. केसपेपरच्या खिडकीशी भोवळ आली म्हणे. वजन 118 वरून 104, साखर आटोक्यात, टाके कोरडे. कागदावर सगळं झकास, बीपी मात्र पार खाली.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"कालपासून विचारा की मॅडम. चहा घेतला बघा. भूकच लागंना झालीय."

सांगलीकडे त्यांची मेस आहे, रोज साठ-सत्तर डबे. ऑपरेशनआधी वर्षभर माझ्याकडे डाएटसाठी यायच्या. पाच किलो उतरायचे, सात चढायचे. "वजन उतरलं की जास्तच वखवख सुटते," असं त्या सांगायच्या. सगळे हेच सांगतात, असं म्हणत मी फाइलवर "पथ्य पाळत नाही" लिहायचे. तीनदा लिहिलंय.

सगळे हेच सांगतात, कारण तसंच होतं. 1999 साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन शोधलं. हे भुकेचं हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, जेवणाआधी रक्तात चढतं आणि जेवल्यावर उतरतं. डाएट करून वजन घटवलं की दिवसभराची त्याची पातळीच वाढते. म्हणजे काकू जितक्या नेटानं पथ्य करत होत्या, तितकी भूक त्यांच्यावर उलटत होती. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढतात, त्यात तो फुगीर भागही जातो आणि घ्रेलिन एकदम घसरतं. शिवाय अन्न आतड्यात लवकर उतरतं, त्यामुळे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही "पुरे आता" सांगणारी हार्मोन्स जेवणानंतर जास्त स्रवतात. सध्या वजनाच्या ज्या इंजेक्शनांचा गाजावाजा आहे, ती या जीएलपी-१ चीच नक्कल करतात. काकूंचं इन्सुलिन चौथ्याच दिवशी कमी करावं लागलं होतं. त्यात पोटात अन्न कमी गेल्याचा वाटा होताच, पण या हार्मोन्सचाही होता.

"फोडणीच्या वासानं पोटात खड्डा पडायचा, आता तोच पडंना," काकू म्हणाल्या.

काका हसले. "बरंय की. आता तरी जिभेवर ताबा आला."

"ताबा कसला हो काका," मी जरा चढ्याच आवाजात म्हटलं. "भूक जिथं तयार व्हायची ते पोटच काढलंय." आणि फाइल त्यांना दिसणार नाही अशी मिटली.

डॉक्टरांनी बीपीची गोळी निम्मी केली, सलाईन लावलं. मला मात्र उलटंच काम आलं. बारा वर्षं लोकांना "भूक लागली तरच खा" सांगत आलेली मी काकूंना सांगत होते: भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघा. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रोटीन, घोट घोट पाणी, पण जेवताना नाही. नाहीतर केस गळतील, स्नायू झिजतील.

"परत लागंल का हो भूक?"

"बऱ्याच जणांना लागते थोडी थोडी. वर्ष-दोन वर्षांनी."

त्यांचं तोंड उजळलं की उतरलं, मला कळलं नाही. फोनवर सहा गजर लावून दिले. पहिला तिथंच वाजला. काकांनी डब्यातून उकडलेलं अंडं काढलं. काकू नखाएवढा तुकडा तोडायच्या, चावत बसायच्या. एका अंड्याला वीस मिनिटं लागली. बाहेर पुढचा पेशंट दार ठोठावत होता.